भूशास्त्रात पीएचडी आणि फेलोशिप: पुण्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

वाघोलीच्या खाणीत अण्णा दगड फोडायचे तेव्हा त्यांच्याकडे खडकाची तीन नावं होती. घणाला दाद न देणारा तो काळा कातळ, भोकाभोकांचा आणि पांढऱ्या खड्यांनी भरलेला तो मांजऱ्या, पहारीने उकरून निघतो तो मुरूम. एमएस्सीच्या पहिल्या वर्षी मॅडमनी फळ्यावर ‘ॲमिग्डलॉइडल बेसाल्ट’ असं लांबलचक काहीतरी लिहिलं आणि नमुना हातात दिला. मी मनात म्हटलं, अगं, हा तर मांजऱ्या! त्या भोकांत बसलेल्या झिओलाइट नावाच्या खनिजांसाठी पुण्याच्या आसपासच्या खाणी जगभर प्रसिद्ध आहेत, आणि वाघोलीचं निळंशार कॅव्हनसाइट तर संग्राहक जपून ठेवतात. अण्णांना फोटो दाखवला तर म्हणाले, “हे होय? खडीत किती गेलं असंल.”

आम्ही वडार. घरात पिढ्यान्‌पिढ्या दगडच. तरी दगडाचा अभ्यास करायला दरमहा पैसे, म्हणजे फेलोशिप, मिळतात हे मला चोविसाव्या वर्षी, वसतिगृहातल्या एका सिनियर ताईकडून कळलं. कळल्यावरही एक अख्खं वर्ष हातचं गेलं, एका दाखल्यापायी. ते पुढे सांगते. घरात पहिल्यांदाच कुणी विद्यापीठापर्यंत पोचलंय अशा मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. विषय भूगर्भशास्त्र असो, भूगोल, हवामान, भूभौतिकी किंवा पर्यावरण. बऱ्याच गोष्टी सारख्याच लागू होतात.

आधी रस्ता ओळखा

फेलोशिपकडे जाणारे रस्ते दोन आहेत आणि ते उलट दिशेने चालतात. हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगते.

पहिला रस्ता परीक्षेचा. सीएसआयआर-नेट (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची देशपातळीवरची परीक्षा) देऊन जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळवा, मग ते पत्र घेऊन गाईड, म्हणजे पीएचडीचा मार्गदर्शक, शोधा आणि पीएचडीला नोंदणी करा. इथे फेलोशिप आधी, नोंदणी नंतर. खिशात जेआरएफ असेल तर गाईडही जरा आपुलकीने बोलतात. त्यात त्यांचा दोष नाही, तुमच्या पैशांची सोय त्यांना करावी लागत नाही.

दुसरा रस्ता नोंदणीचा. आधी पीएचडीला प्रवेश, गाईड, संशोधन समितीपुढे सादरीकरण, विद्यापीठाचं नोंदणीपत्र. आणि मग त्या पत्राच्या जोरावर बार्टी, सारथी, महाज्योती यांसारख्या राज्य सरकारच्या संस्थांकडे अर्ज. इथे नोंदणी आधी, पैसे नंतर. जाहिरातीत ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत नोंदणी झालेले’ अशी अट असू शकते. ती खिडकी चार दिवसांनी हुकली म्हणून वर्षभर बिनपैशाचं काम करणारी मुलं मी पाहिली आहेत.

दोन्ही रस्त्यांवर एकदम चाला. नेटचा अभ्यास चालू ठेवा, पण ‘नेट निघाली की बघू’ म्हणून नोंदणी लांबवू नका. आपल्याकडे वय आणि घरची सहनशक्ती दोन्ही मोजकी असते.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे. निम्मे अर्ज इथेच मरतात असं माझं मत आहे. आकडेवारी नाही, अनुभव आहे.

माझं वर्ष कसं गेलं ते ऐका. वडार जात महाराष्ट्रात विमुक्त जाती, म्हणजे विजा-अ. शाळेपासून तेच लिहीत आले. केंद्राच्या योजनेला अर्ज केला, जात दाखला जोडला, नॉन-क्रिमीलेअर (घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा दाखला) जोडलं, आणि अर्ज बाद. कारण केंद्राच्या दप्तरात विजा-अ असा प्रवर्गच नाही. तिथे आम्ही ओबीसी. दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. खिडकीवरच्या साहेबांनी एवढंच म्हटलं, “फॉरमॅट चुकलाय.” फॉरमॅट म्हणजे काय हे विचारायचा धीर मला झाला नाही. तो धीर तुम्ही करा. विमुक्त, भटक्या जमातींतल्या प्रत्येकाने दोन संच तयार ठेवावेत: एक राज्याच्या नमुन्यातला, एक केंद्राच्या. सेतूमध्ये अर्ज करतानाच ‘सेंट्रलचा पाहिजे’ हे ठणकावून सांगा. आणि आपली जात केंद्राच्या यादीत कोणत्या नावाने आहे तेही बघून घ्या, कारण पोटजात आणि शब्दलेखन यांत घोळ होतो.

नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, विजाभज (विमुक्त जाती, भटक्या जमाती) आणि विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) यांना लागतं; अनुसूचित जाती-जमातींना नाही. मर्यादा वार्षिक ८ लाखांची, आणि तीन वर्षांचं उत्पन्न बघतात. या दाखल्याची मुदत संपते. अर्जाच्या शेवटच्या दिवशी तो जिवंत आहे ना, हे कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवा.

जात वैधता (जात दाखल्याच्या पडताळणीचं प्रमाणपत्र) अजून काढली नसेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच कामाला लागा. इथे एक मेख आहे. दाखला आणि पडताळणी दोन्ही मूळ जिल्ह्याशी जोडलेले असतात, म्हणजे ठरावीक तारखेला तुमचे पूर्वज जिथे राहत होते तो जिल्हा. त्या तारखा अशा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि विमाप्रसाठी १३ ऑक्टोबर १९६७. तुमचा जन्म येरवड्याचा असला तरी आजोबा १९६१ मध्ये सोलापूर जिल्ह्यात असतील तर सोलापूर गाठायचं. आमच्यासारख्यांची अडचण अशी की आजोबा शाळेत गेलेच नाहीत, शेती नाही, सातबारा नाही. मग पुरावा कुठून आणायचा? कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळू शकते. चुलत्याला, आत्याला, वडिलांच्या बाजूच्या कुणाही रक्ताच्या नातेवाइकाला वैधता मिळालेली असेल तर त्याची प्रत आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र फार मोठा आधार होतो. म्हणून पुढच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत बसल्या बसल्या विचारून घ्या, आपल्यात व्हॅलिडिटी कुणाकडे आहे.

मुलींसाठी वेगळं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर गुणपत्रिका, आधार, बँक, जात दाखला यांत चार वेगवेगळी नावं दिसतात. एक तर शिक्षण संपेपर्यंत नाव बदलू नका, नाहीतर राजपत्रात नोंद करून त्याची प्रत प्रत्येक अर्जाला लावा. माझं मत विचाराल तर पहिलं. सासूबाईंना समजावणं राजपत्रापेक्षा सोपं जातं. कधी कधी.

शेवटचा कागद दिसत नाही, म्हणून राहून जातो. बँकेत खातं आधारशी जोडणं आणि ते खातं थेट लाभासाठी आधारशी ‘सीड’ असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पैसे सीड असलेल्या खात्यात जातात. माझ्या मैत्रिणीची पहिल्या तीन महिन्यांची रक्कम शाळेतल्या शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या, गावच्या बंद पडलेल्या खात्याकडे धावत होती.

पुण्याच्या हवामान विभागात १९४८ साली अन्ना मणी रुजू झाल्या. भारतात हवामानाची उपकरणं बनवण्याचा पाया ज्यांनी घातला त्यांतल्या त्या एक. त्यांचा प्रबंध १९४५ मध्येच तयार होता, पण पदव्युत्तर पदवी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएचडी दिली नाही. संशोधन जागेवर होतं, कागद नव्हता. शिवाजीनगरला सिमला ऑफिसच्या, म्हणजे हवामान विभागाच्याच इमारतीच्या, चौकातून जाताना मला दर वेळी त्या आठवतात.

नेटची परीक्षा

यूजीसी-नेटमध्ये (विद्यापीठ अनुदान आयोगाची वेगळी नेट) भूगर्भशास्त्र हा विषय नाही. भूगोल आणि पर्यावरणशास्त्र आहेत. भूगर्भवाल्यांना सीएसआयआर-नेट, विषय ‘पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहीय विज्ञान’. भूगोलात एमएस्सी केलेली मुलंही हा पेपर देऊ शकतात. त्यात प्राकृतिक भूगोलाचा स्वतंत्र विभाग आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

पेपर ३ तासांचा, २०० गुणांचा. भाग ‘अ’ सामान्य बुद्धिमत्तेचा: २० पैकी १५ प्रश्न, ३० गुण. भाग ‘ब’ मध्ये ५० पैकी ३५ सोडवायचे, ७० गुण. भाग ‘क’ मध्ये ८० पैकी फक्त २५, प्रत्येकी ४ गुण. म्हणजे निम्मे गुण २५ प्रश्नांत. भाग ‘ब’ सगळ्यांना सारखा. त्यात समुद्राचं पाणी, मोसमी वारे, भूकंपलहरी आणि ग्रह, सगळं येतं, त्यामुळे फक्त खडक पाठ करून भागत नाही. भाग ‘क’ साठी मात्र आपला एक विभाग पक्का आणि शेजारचा एक बऱ्यापैकी, एवढं पुरतं. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून २५ पूर्ण करायच्या हट्टाला पेटू नका.

भाग ‘अ’ कडे आपली मुलं दुर्लक्ष करतात, कारण ते ‘विषयाचं’ वाटत नाही. गणिताची भीती असेल तर रोज पाच प्रश्न, तीन महिने. हे ३० गुण मराठी माध्यमातल्यांना सगळ्यात स्वस्तात पडतात.

राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि महिला यांना जेआरएफसाठी वयात सूट आहे. गेट परीक्षेचा भूगर्भशास्त्र-भूभौतिकीचा पेपर वेगळा, कोड जीजी. तोही द्या, बऱ्याच संस्था मुलाखतीसाठी तो गुणांक धरतात.

गाईड आणि नोंदणी

यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएचडीला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सूट. प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त ८, सहयोगीकडे ६, सहायकाकडे ४ विद्यार्थी. म्हणून गाईडला भेटायला जाण्याआधी त्यांच्याकडे जागा रिकामी आहे का ते विभागाच्या कार्यालयात विचारा. तासभर गोड बोलून शेवटी ‘जागा नाही’ ऐकण्यापेक्षा बरं.

पुण्याचं भाग्य असं की या विषयाच्या संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. विद्यापीठात भूगर्भशास्त्र, भूगोल, पर्यावरण आणि वातावरणशास्त्राचे विभाग. पाषाणला १९६२ साली सुरू झालेली उष्णदेशीय हवामान संस्था, म्हणजे आयआयटीएम. तिथे पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या संशोधन फेलोंच्या जाहिराती निघतात. त्याच रस्त्याला आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), तिथे पृथ्वी आणि हवामान विज्ञान विभाग. खडकवासल्याला १९१६ पासूनचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र. १९७२ च्या दुष्काळात उभी राहिलेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, तिचं मुख्यालय पुण्यातच. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या अंगाने गाळाचा आणि नद्यांचा अभ्यास चालतो. आघारकर संस्थेत जीवाश्मांवर काम होतं. कऱ्हाडला कोयनेच्या भूकंपांसाठीची खोल विंधन प्रयोगशाळाही फार लांब नाही.

गाईडला पहिला मेल चार ओळींचा लिहा. तुम्ही कोण, त्यांचा कोणता शोधनिबंध वाचलात, त्यातली कोणती एक गोष्ट तुम्हाला पुढे बघाविशी वाटते, कधी भेटू. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड’ असा मेल त्यांना दिवसाला पाच येतात. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग सरळ दारात जा. दुपारी जेवणानंतर.

आणि जातीचा विषय. प्रवेशाच्या फॉर्मवर तो असतोच, पण पहिल्या भेटीत कुणी आडून विचारलं, “गाव कुठलं? आडनाव काय?” तर तुम्हाला जे वाटतं ते वाटू द्या. मी अशा एका केबिनमधून उठून आले होते, आणि दुसऱ्या केबिनमध्ये मला अतिशय चांगले गाईड मिळाले. आधीच्या विद्यार्थ्यांशी चहाच्या टपरीवर बोला. कोण वेळेवर सही करतं, कोण फील्डवर मुलींना घेऊन जातं, कोणाचे विद्यार्थी सहा वर्षांत सुटतात, हे माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

कोणाकडे काय आहे

राज्याचं गणित प्रवर्गाप्रमाणे विभागलेलं आहे. अनुसूचित जातींसाठी बार्टी आणि जमातींसाठी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, दोन्ही पुण्यात क्वीन्स गार्डन भागात. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी, कुणबी-मराठा यांच्यासाठी सारथी, तीही पुण्यातच. ओबीसी, विजाभज आणि विमाप्रसाठी महाज्योती, तिचं कार्यालय नागपूरला. निवड कशी करायची याचे नियम वर्षागणिक बदलू शकतात: कधी मुलाखत, कधी चाचणी, कधी आणखी काही. गेल्या वर्षीच्या जाहिरातीवर विसंबू नका, आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘महत्त्वाच्या सूचने’वर तर अजिबात नाही.

केंद्राकडून अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि दिव्यांग यांच्यासाठी वेगवेगळ्या राष्ट्रीय फेलोशिप आहेत. अनुसूचित जाती आणि ओबीसींच्या फेलोशिपला नेटचा आधार लागतो. जमातींची फेलोशिप वर्षाला ७५० जणांना मिळते आणि ती पदव्युत्तर गुणांवर ठरते, नेट लागत नाही. आमच्या वसतिगृहातल्या कोकणा जमातीच्या एका मुलाला हे कळेपर्यंत दोन वर्षं गेली होती, तो नेटच्याच मागे होता.

अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाल्याचं जाहीर झालं. जुन्या याद्यांत ती अजून झळकते, तिच्या मागे वेळ घालवू नका. आईवडिलांची एकुलती एक मुलगी असाल तर यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप बघा. लग्न, बाळंतपण यांत काही वर्षं गेली असतील तर विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘वाइज’ योजनेत पीएचडी आणि पोस्ट-डॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) अशा दोन्ही वाटा आहेत. पीएचडीची मुदत ६ वर्षांची, महिला आणि दिव्यांगांना त्यावर आणखी २ वर्षं मिळू शकतात, आणि बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. हे आपल्या विभागातल्या कारकुनाला माहीत असेलच असं नाही. नियमावलीचं पान छापून फायलीत ठेवा.

प्रस्ताव लिहिताना

इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण आपली मुलं सगळ्यात जास्त इथे घाबरतात.

माझ्या पहिल्या प्रस्तावाचं नाव होतं ‘पुणे जिल्ह्यातील भूजलाचा अभ्यास’. गाईडनी ते वाचून कागद उलटा ठेवला आणि विचारलं, “लहानपणी विहीर खणताना बघितलीस?” बघितली होती. अण्णा आणि काका सासवडकडे विहिरींच्या कामावर जायचे. “पाणी कुठं लागतं म्हणायचे?” मी म्हटलं, कातळाला पाणी नसतं, मांजऱ्याला असतं, आणि मधे तांबडा थर लागला की तिथे झिरपा दिसतो. सर म्हणाले, “मग हे लिही की.”

दख्खनचे खडक म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्हाचे थर. एका थराचा माथा भोकांचा, त्यावर कधी तांबडी माती भाजून झालेला पातळ पट्टा, ज्याला इंग्रजीत रेड बोल म्हणतात, त्यावर पुढच्या थराचा घट्ट कातळ. पाणी कुठे साठेल आणि कुठे वाहील हे या थरांच्या जोडांवर ठरतं. मग प्रश्न असा झाला: एका ओढ्याच्या खोऱ्यातल्या चाळीस विहिरींत पाण्याची पातळी आणि लाव्हाच्या थरांचे जोड यांचा काय मेळ बसतो? तांबडा पट्टा पाणी अडवतो की वाट देतो, आणि सगळीकडे सारखाच वागतो का? आता यात जागा आहे, मोजायची वस्तू आहे, आणि उत्तर ‘नाही’ आलं तरी चालेल असा प्रश्न आहे. भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची नोंद वर्षातून चार वेळा होते, ती जुनी आकडेवारी मागता येते. नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाचा. आपली विहीर, आपला ओढा कोणत्या शीटवर येतो ते शोधा; वाघोलीची बाजू ४७ एफ/१४ वर आहे.

हजार शब्दांचा प्रस्ताव असेल तर जगभरच्या पाणीटंचाईवर दोन ओळींपेक्षा जास्त नको. पद्धतीवर निम्मा मजकूर घाला: किती विहिरी, कोणत्या महिन्यात, कोणतं उपकरण, ते कुठे उपलब्ध आहे, पावसाळ्यात काम बंद पडलं तर काय. समितीतला माणूस हेच वाचतो.

स्वतःविषयीचं निवेदन लिहायचं असेल तर ‘लहानपणापासून मला निसर्गाची आवड’ याने सुरुवात करू नका. पण गरिबीची कहाणी विकायलाही बसू नका. मी पहिल्या मसुद्यात आईच्या हातावरचे फोड लिहिले होते. वाचून मलाच कसंतरी झालं, खोडून टाकले. नंतर लिहिलं की माझे वडील घणाच्या आवाजावरून दगडाची शीर ओळखतात, आणि मी विहिरीतल्या थरांच्या नोंदी घेताना विहीर खणणाऱ्यांच्या शब्दांपासून सुरुवात केली, कारण ते शब्द थर बदलतो तिथेच बदलतात. हे खरंही होतं आणि कामाचंही.

शिफारसपत्र किमान तीन आठवडे आधी मागा. सरांना एक पान द्या: अर्जाचं नाव, शेवटची तारीख, तुमचा विषय, त्यांच्याकडे तुम्ही केलेलं काम. ‘सर, उद्या शेवटची तारीख आहे’ म्हणून रात्री अकराला फोन करणाऱ्याला जे पत्र मिळतं, ते कुणाचंही असू शकतं.

परदेशाचा विचार असेल तर

‘अंडर-रिप्रेझेंटेड’ हा शब्द वाचून लगेच हुरळू नका. अमेरिकेतल्या अशा पुष्कळ फेलोशिप तिथल्या वंचित गटांसाठी असतात आणि नागरिकत्व किंवा कायम वास्तव्य मागतात. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानची पदवीधर फेलोशिप अशीच आहे. पात्रतेची ओळ सगळ्यात आधी वाचा, बाकीचं नंतर.

आपल्याला खुल्या असलेल्या काही वाटा: केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप, वर्षाला १२५ जागा, बहुतेक अनुसूचित जातींसाठी, त्यात ६ जागा विमुक्त-भटक्या जमातींना आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांना. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी आहे, ती समाजकल्याण आयुक्तालयाकडून, म्हणजे पुण्यातूनच चालते. विकसनशील देशांतल्या महिलांना परदेशात पीएचडी किंवा पोस्ट-डॉकसाठी श्लुंबर्जे फाउंडेशनची ‘फॅकल्टी फॉर द फ्युचर’ फेलोशिप मिळते. इथे पीएचडीला नोंदणी असतानाच काही महिने अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत काम करायचं असेल तर फुलब्राइट-नेहरू. पासपोर्ट आजच काढून ठेवा, पोलिस पडताळणीला भाड्याच्या खोलीचा पत्ता म्हटलं की वेळ लागतो.

पैसे

जेआरएफचा दर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलो) झाल्यावर ४२,००० रुपये आहे, शिवाय घरभाडे भत्ता. केंद्राच्या वर्गवारीत पुणे एक्स शहर असल्याने हा भत्ता वरच्या दराने बसतो. वसतिगृहात राहत असाल तर मिळत नाही. सीएसआयआरकडून आकस्मिक खर्चाला वर्षाला २०,००० रुपये मिळतात. यूजीसीचे विज्ञानाला पहिली दोन वर्षं १२,००० आणि पुढे २५,००० रुपये. भूशास्त्रात ही रक्कम पटकन संपते. गाडीभाडं, नमुने, पातळ काप करणं, रासायनिक विश्लेषण. म्हणून पहिल्या वर्षी फक्त पायी आणि बसने जाता येईल असं क्षेत्र निवडा. हिमालय पोस्ट-डॉकला.

आता खरं सांगते. पैसे दर महिन्याला येतील या हिशेबात राहू नका. माझे पहिल्या वेळी सात महिन्यांनी आले, एकदम. ते सात महिने मी शिकवण्या घेतल्या आणि खोलीत तिघी होतो. तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवत असाल तर फेलोशिप घेताना ते सोडावं लागेल, हमीपत्रात तसं लिहून घेतात. त्यामुळे नोकरी सोडायची तारीख आणि फेलोशिप सुरू होण्याची तारीख यांच्यामध्ये निदान सहा महिन्यांची बेगमी हवी. घरी आधीच सांगून ठेवा की ‘पीएचडीला पैसे मिळतात’ म्हणजे पुढच्या महिन्यापासून गावी पैसे येतील असं नाही. हे न सांगितल्याने आमच्या घरात दिवाळीला फार रडारड झाली होती.

हजेरीपट, घरभाड्याचा फॉर्म, सहा महिन्यांचा प्रगती अहवाल, चालू असल्याचं प्रमाणपत्र: प्रत्येकावर गाईडची, विभागप्रमुखांची सही लागते, आणि नेमके तेव्हाच ते परिषदेला गेलेले असतात. महिन्याच्या २० तारखेलाच सह्या घ्या. प्रत्येक जमा केलेल्या कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्या. आवकच्या खिडकीवरचे काका आधी कुरकुर करतात, मग ओळखीने स्वतःच शिक्का पुढे करतात.

पहिली रक्कम आली की सामान घ्यायची घाई होते. आधी दहापट मोठं दिसणारं चांगलं भिंग घ्या, मग उताराचा कोन आणि दिशा मोजायचा कंपास, पाण्याने न पुसणारा मार्कर आणि कापडी पिशव्या. नमुन्याचा क्रमांक पिशवीवरही लिहा आणि दगडावरही, कारण पिशव्या अदलाबदल होतात. परदेशी हातोडी सगळ्यात शेवटी. मी अजून घेतलेली नाही, अण्णांची सुतकीच वापरते. दांडा दोनदा बदललाय.